हाकबाईंची चुकलेली हाक

सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथे उजव्या हाताला, स्त्रीरोग विभागाची प्रतीक्षाशाला होती. प्रतीक्षाशाला हा शब्द तिला जरा सैलच बसतो. ती एक लांबट खोली. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा तैलरंग, त्यावर पांढरा चुना. तीन बाके, एक कुरकुरणारा पंखा, पाण्याचे पिंप आणि पलीकडे तपासणीच्या खोलीचे दार. त्या दाराची स्प्रिंग इतकी कडक होती की आत जाणाऱ्याच्या पाठीत धपाटा घातल्याखेरीज ते मिटत नसे. म्हणून दाराशी स्टुलावर एक बाई बसत. हाताने दार धरावयाचे आणि मुखाने पुढच्या रुग्णास हाक मारावयाची, हे त्यांचे काम. नेमणुकीच्या पत्रात त्यांचा हुद्दा 'परिचर' असा होता. परंतु सारे रुग्णालय त्यांना हाकबाई म्हणत असे.

त्यांचा कंठ खणखणीत होता. हाकबाईंनी वर हाक मारली की खाली क्ष-किरणांच्या खोलीतला माणूस कुणी न सांगता श्वास रोखून धरतो, असे तंत्रज्ञ थट्टेने म्हणत. हा कंठ त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता. वडील नावाडी होते. पैलतीरावर उभी असलेली माणसे कोण, कुठली, काही कळावयाचे नाही. नावे ठाऊक असण्याचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा ते नात्याने साद घालीत. "काका, पाणी चढतंय, उरका!" "ताई, पोराला आधी चढवा!" आणि पैलतीरावरचा अनोळखी माणूस त्या हाकेसरशी आपलासा होऊन नावेत पाय टाकी. काठावर बसून ते ऐकणाऱ्या मुलीच्या मनात एक गोष्ट कायमची ठसली. परक्या पाण्यात पाय घालावयाचा असेल तर मनुष्याला नाते लागते.

रुग्णालयात आल्यावर त्यांनी तीच रीत चालविली. ज्या कारणासाठी स्त्रिया या खोलीत येत, त्या कारणासाठी आपले नाव चारचौघांत पुकारले जावे असे कोणत्याही स्त्रीला वाटत नसे. आणि नंबर पुकारणे हाकबाईंना नामंजूर होते. "नंबर पार्सलाला असतो," त्या म्हणत. म्हणून बाकावर येऊन टेकणाऱ्या प्रत्येकीकडे त्या एकदा निरखून पाहत आणि मनात तिचे नाते ठरवीत. आजी, काकू, वहिनी, ताई. नव्याने लग्न झालेली असेल तर सूनबाई. भेदरलेली पोर असेल तर बाळ. दोन काकू आल्या तर एक खिडकीजवळची काकू होई आणि दुसरी पिंपाजवळची. ठरलेले नाते त्या दिवसापुरते अभंग राही. आत अपरिचित हातांपुढे देह उघडा करावयाचा, या भयाने गोठलेली स्त्री "चला काकू, या" हे शब्द ऐकले की सुस्कारा सोडून उठे, हे विभागातल्या सर्वांनी पाहिले होते.

आपल्या नजरेचा हाकबाईंना अभिमान होता. "माणूस जिना चढत असतो, तेव्हाच मला त्याचं नातं कळतं," असे त्या सांगत. पण पट्टीच्या पोहणाऱ्यालाच कधी कधी पाणी दगा देते.

त्या सकाळी बाके भरली होती. मधल्या बाकावर एक तरुणी बसली होती आणि तिच्या शेजारी दाट, रेखीव कातरलेल्या दाढीचा एक पुरुष. या खोलीत पुरुषांनी बसू नये असा नियम होता; पाटीवर तसे लिहिलेले होते. नवरे मंडळी खाली पायऱ्यांवर थांबत. हाकबाईंनी एका दृष्टिक्षेपात हिशेब केला आणि आपल्या सवयीनुसार थोडी गंमतही केली.

"अहो जावईबापू! सासुरवाडीला आल्यासारखे ऐसपैस काय बसलात? पुरुषांनी खाली थांबायचं असतं. तुमची बायको आम्ही काही ठेवून घेणार नाही!"

खोलीत हशा पिकला. ती तरुणी दचकून म्हणाली, "अहो, हे माझे नव्हेत!" आणि हशा दुप्पट झाला. त्या पुरुषाचे कान लाल झाले. त्याने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, हसणाऱ्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरविली, तोंड मिटले आणि उठून तो जिना उतरून गेला.

थोड्या वेळाने चाळिशीची एक स्त्री हातात केसपेपर घेऊन वर आली आणि इकडे तिकडे पाहू लागली. "इथे माझा भाऊ बसला होता. कुठे गेला?"

"दाढीवाले ना? खाली पाठवलं त्यांना. तुम्ही या ताई, बसा. आता तुम्हालाच घेते."

"मला नाही यायचं आत," ती म्हणाली. "त्याला यायचं होतं."

हाकबाईंना अर्थबोध होईना. त्या स्त्रीने त्यांना हाताला धरून जिन्याच्या वळणावर नेले आणि आवाज खाली आणून सांगितले, "तो जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी म्हटलं. तो तसा नव्हता. आम्हाला कळायला वेळ लागला, त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. दाढी औषधांनी आली. पण गर्भाशय आहे ते आहेच, आणि शिबिरात तपासताना त्याच्या मुखाशी डॉक्टरांना काहीतरी वाईट दिसलंय. म्हणून इथे बोलावलं होतं. त्याला इथवर आणायला किती विनवण्या केल्या मी, मावशी! तुम्ही एका वाक्यात घालवलात."

खरे सांगावयाचे तर हाकबाईंना प्रथम पश्चात्ताप झाला नाही, राग आला. मला काय स्वप्न पडलं होतं? दाढीकडे पाहून कुणाला कळणार? पुढची हाक त्यांनी अधिकच मोठ्याने मारली. परंतु दुपारी डबा उघडला आणि त्यांनी तो न खाताच बंद केला. ते उघडलेले आणि पुन्हा मिटलेले तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्या तोंडाला खोलीत एकाही माणसाने बोलू दिले नव्हते, आणि हशाची सुरुवात त्यांच्या कंठातून झाली होती.

विभागात दोन स्त्री-डॉक्टर होत्या. एक निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या, त्यांना मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणत. दुसऱ्या नुकत्याच रुजू झालेल्या, त्या धाकट्या. हाकबाईंनी धाकट्यांपाशी जाऊन झाला प्रकार सांगितला. धाकट्यांनी कपाळाला हात लावला.

"पारलिंगी पुरुष आहेत ते. माझेच रुग्ण. आत्ता कर्करोग नाही, पण पेशी त्या वाटेला लागल्यात. दुर्बिणीतून पाहून तेवढा भाग काढून टाकला तर बरे होतील. नाही काढला तर पुढचं मी सांगू शकत नाही."

"मग बोलवा ना त्यांना."

"फोन उचलत नाहीत."

आठवडा गेला. बहीण पुन्हा आली ती एकटीच. भावाचा निरोप तिने जसाच्या तसा सांगितला: ज्या दारातून मला हसत हसत बाहेर काढलं, त्या दारात मी पुन्हा उभा राहणार नाही.

धाकट्या डॉक्टरांनी हे फार मनाला लावून घेतले. त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिले, बैठक घडवून आणली आणि एका दुपारी रंगाऱ्याने शिडी लावून जुनी पाटी पुसली. 'स्त्रियांची तपासणी. पुरुषांना प्रवेश नाही.' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'गर्भाशयधारक व्यक्तींची तपासणी' असे शब्द आले. आतही सर्वांना 'व्यक्ती' असेच संबोधावे, असे ठरले.

हाकबाईंनी हा आदेश प्रायश्चित्तासारखा पाळला. ज्या तोंडाने चूक केली त्या तोंडाला शिक्षा व्हावी, अशा निष्ठुरपणे त्यांनी नातीगोती वर्ज्य केली. "पुढची व्यक्ती!" त्या पुकारू लागल्या. बाकांवरच्या बायका एकमेकींकडे पाहत; कोणी उठत नसे. "पिंपाजवळची व्यक्ती!" तरी कोणी उठेना. हळूहळू बाके विरळ होऊ लागली. खाली औषधांच्या खिडकीपाशी बायका विचारीत, "बायकांचं कुठे गेलं हो?" पहारेकरी सांगे, "वरच आहे." त्या म्हणत, "वर जाऊन आलो. वर तर कुठल्या व्यक्तींचं आहे."

अशातच एके दिवशी बाजारात अंडी विकणारी एक म्हातारी आली. पाळी बंद होऊन युगे लोटलेली, आणि आता पुन्हा अंगावरून जात होते. असे लक्षण दुर्लक्षावे असे नसते. ती टोपली मांडीवर घेऊन बसली. तिची आत जाण्याची वेळ आली तशी हाकबाईंनी पुकारले, "खिडकीजवळची व्यक्ती!"

म्हातारीने मागे वळून पाहिले. मागे खिडकीच होती.

"मला म्हणतेस?"

"हो. या."

"मी व्यक्ती? अगं, चार बाळंतपणं केली, त्यातलं एक पोर गेलं. तेव्हा कुणी मला व्यक्ती म्हणालं नाही. सगळं बाई म्हणून सोसलं. आता तपासायची वेळ आली तेव्हाच बाईपण पुसलंत होय पाटीवरून?" ती उठली. "आणि ते गर्भाशयधारक काय ते नातीने वाचून दाखवलं. मला वाटलं, नवीन मशीन आणलंय. शिवाय ऐकते की आता आत बाप्येही येणार. तुमचा कपडे बदलायचा पडदा तर असा, की पंखा फिरला तरी उडतो. नको बाई, मी आपली बरी आहे."

आणि ती जिन्याकडे चालू लागली.

आपले प्रायश्चित्त विसरून नावाड्याच्या मुलीच्या कंठाने हाकबाई ओरडल्या, "आजी! अहो आजी, माझ्यासाठी थांबा!" म्हातारी जिन्याच्या मध्यावर थांबली. "हां," ती म्हणाली, "आता कसं माणसात आलीस." त्या दिवशी तपासणी दार कुलूपबंद करून, पडद्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावून झाली.

संध्याकाळी दोन्ही डॉक्टरांपुढे हाकबाईंनी सारे कथन केले. नंतर त्या दार धरून उभ्या राहिल्या, आणि आत जे बोलणे झाले ते अर्थातच त्यांच्या कानांवर पडले.

मोठ्या म्हणाल्या, "मी या रुग्णालयात आले तेव्हा हा विभागच नव्हता. बायकांना पुरुषांच्या रांगेच्या शेवटी उभं करत, आणि निम्म्या तशाच घरी जात. त्या दारावर 'स्त्री' हा शब्द लागावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. तुम्ही तो एका दुपारी उतरवलात."

"आणि त्याच पाटीमुळे माझा एक रुग्ण जिन्यावरून परत गेला," धाकट्या म्हणाल्या. "उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, तर पाटी तरी शाबूत होती, असं म्हणायचं का मी?"

दोघीही खरे बोलत होत्या. म्हणूनच एकीला दुसरीचे म्हणणे खोडून काढता येत नव्हते. असत्याचा परिहार करणे सोपे असते. दोन सत्ये समोरासमोर आली की मनुष्याला आसन सोडून थोडे बाजूस सरकावे लागते.

शेवटी मोठ्याच म्हणाल्या, "आपण एक शब्द उठवून दुसरा बसवतोय, जणू फळ्यावर एकालाच जागा आहे. फळा मोठा करून घेऊ."

"आणि जुन्या पाटीतली दुसरी ओळ?" धाकट्यांनी विचारले. "अडचण तिची होती. बायकोला सोडायला आलेला नवरा बाकावर नको, एवढंच आपल्याला म्हणायचं होतं ना?"

"मग तेवढंच लिहू," मोठ्या म्हणाल्या. "आणि त्या आजींचं पडद्याचं म्हणणं बरोबर आहे. त्यात कुणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. भांडारघर रिकामं करा. कपडे बदलायला दोन खोल्या होतील. दोन्हींना आतून कडी हवी."

रंगारी पुन्हा आला तेव्हा कुरकुरला, "आधी एक पुसा म्हणालात, मग दुसरं लिहा म्हणालात, आता दोन्ही लिहा. बाई, तुमच्याकडे माणसं बरी होतात, पाटी काही बरी होत नाही!" परंतु अक्षर त्याने सुरेख काढले: 'स्त्रियांची तपासणी. गर्भाशय असलेल्या इतर सर्वांचीही तपासणी येथेच होते. केवळ सोबत आलेल्यांनी खाली थांबावे.'

हाकबाईंना आपली नाती परत मिळाली. फक्त एक अट पडली. जिथे नजर अडेल तिथे अनुमान करावयाचे नाही, जवळ जाऊन हळूच विचारावयाचे, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" ही अट त्यांना जड गेली. विचारणे म्हणजे न दिसल्याची कबुली देणे, आणि जन्मभराच्या नजरेला ती कबुली सोसवत नव्हती. पहिल्या वेळी तर त्यांनी एका कापलेल्या केसांच्या शिक्षिकेला उगीचच विचारले आणि "डोळे तपासून घ्या, मावशी" असे ऐकून घेतले.

हे सर्व यथास्थित झाले. पण ज्याच्यासाठी झाले त्याला त्याचा पत्ता नव्हता. नवी पाटी जिन्याच्या टोकाला होती आणि तो जिना चढणार नव्हता. बहीण म्हणाली, "मी सांगायला गेले की तो वस्तरा खाली ठेवत नाही. गिऱ्हाईक आहे, नंतर ये, म्हणतो."

"वस्तरा? न्हावी आहेत का ते?"

"घड्याळाच्या मनोऱ्याखालचं दुकान त्याचंच."

हाकबाईंचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झाले होते आणि दर शनिवारी त्याच दुकानात दाढी करवून घेत. "हात असा हलका, की वस्तरा फिरला ते गालाला घरी आल्यावर कळतं," अशी त्यांची प्रशस्ती हाकबाईंनी कितीदा तरी ऐकली होती.

त्यांनी धाकट्या डॉक्टरांची परवानगी मागितली. "जा," डॉक्टर म्हणाल्या, "पण तिथे आजार नाही, विभाग नाही, काही उच्चारायचं नाही. तुमच्या घरच्यांनाही कळता कामा नये."

ज्या बाईचे उभे आयुष्य मोठ्याने पुकारण्यात गेले, तिला आता एका माणसाला न पुकारता बोलवावयाचे होते.

शनिवारी यजमान निघाले तशा हाकबाईही चपला घालू लागल्या.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. दुकानात."

"तुला काय दाढी करायचीय?"

"तुमची कशी करतात ते बघायचंय. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी बघितलं नाही."

यजमान चकित झाले. पण बायकोला अचानक आपल्या गालांचे कौतुक वाटू लागले, याचा त्यांना मनातून आनंदच झाला असावा.

दुकान लहान होते. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, त्यामुळे एका डोक्यामागे डोक्यांची अनंत रांग. तुरटीचा आणि साबणाचा वास. भिंतीलगत बाक आणि बाकावर पाळीची वाट पाहणारे पुरुष. हाकबाई आत शिरताच वर्तमानपत्रांच्या घड्या खाली आल्या. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक म्हणाला, "काकू, वाट चुकलात का? बायकांचं पलीकडच्या गल्लीत आहे!"

हशा पिकला. हाकबाईंचे कान गरम झाले. तो हशा त्यांना ओळखीचा वाटला. दाराकडे वळावे असे पायांना वाटले, आणि त्या क्षणी त्यांना कळले की त्या सकाळी जिना उतरून गेलेल्या पायांना काय वाटले असेल.

न्हाव्याने आरशात पाहिले. त्याने त्यांना ओळखले होते. हातातली कात्री थांबली त्यावरूनच ते कळले. मग तो शांतपणे म्हणाला, "बसू द्या त्यांना. माझ्या दुकानात सोबत आलेल्यालाही बसायला जागा असते."

टोला बरोबर जागी बसला. हाकबाई बाकाच्या टोकाला टेकल्या. यजमानांची पाळी आली. मान मागे टेकली, फेस चढला, वस्तरा परजला गेला. एक गाल झाला तेव्हा हाकबाईंनी आरशाकडे पाहत, सहज गप्पा माराव्या तशा स्वरात, बोलावयास सुरुवात केली.

"आमच्या कामात हाक मारावी लागते. नात्याने मारते मी. एकदा मात्र चुकली."

"तुझी?" फेसातून यजमान म्हणाले. "शक्य नाही."

"काका, तोंड हलवू नका," न्हावी म्हणाला.

"चुकली खरी. चुकीच्या माणसाला चुकीच्या नात्याने हाक मारली, आणि वर थट्टा केली. लोक हसले. तो माणूस उठून गेला. त्याचं काम महत्त्वाचं होतं, ते राहिलं. ते राहता कामा नये." त्यांनी आरशात न्हाव्याकडे पाहिले. "आता तिथे बरंच बदललंय. पाटी बदलली, कडी बसवली. त्याची बाकावरची जागा राखून ठेवलीय मी. पण हे त्याला सांगणार कोण?"

वस्तरा यजमानांच्या गळ्यापाशी थबकला होता. यजमानांनी डोळे तेवढे फिरविले.

"मग त्याला हाक काय मारायला हवी होती?" न्हाव्याने आरशातूनच विचारले.

"ते मला ठाऊक नाही. मला वाटायचं, मला सगळ्यांचं ठाऊक असतं. त्याने सांगितलं तर तसं म्हणेन."

दुकानात कोणाला काही कळले नाही. चष्मेवाला पुन्हा वर्तमानपत्रात शिरला होता. न्हाव्याने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला.

"त्याला बहुधा नुसतं 'भाऊ' चाललं असतं," तो म्हणाला.

"भाऊ," हाकबाई म्हणाल्या, हळू, चव घेतल्यासारखे.

"अहो, माझी दाढी अर्धी राहिलीय!" यजमान खुर्चीतून कळवळले. "इथे मान ताणून माझा बगळा झाला!"

न्हावी हसला आणि त्याने दुसरा गाल पुरा केला. तुरटी फिरवताना तो म्हणाला, "या गुरुवारी सकाळी दुकान बंद असेल हं, काका."

"गुरुवारी कधीपासून बंद असतं?"

"या गुरुवारपासून."

गुरुवारी तो बहिणीसह जिना चढून आला, पाटीपाशी थांबला, त्याने ती पूर्ण वाचली आणि आत येऊन मधल्या बाकावर बसला. अंडीवाली आजीही आपल्या तपासणीचा निकाल घ्यावयास आली होती. निकाल चांगला आहे हे तिला अजून कळले नव्हते, त्यामुळे तिच्या जिभेला जरा धार होती.

"हा बाप्या इथे कसा?"

त्याचे कान लाल होऊ लागले. हाकबाई स्टुलावरून उठून आजींजवळ गेल्या.

"आजी, या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाचं आत काम आहे. तुमचं काय काम आहे ते मी कुणाला सांगितलं का?"

"सांगून तर बघ!"

"मग यांचंही सांगणार नाही."

आजींनी हे मनात घोळवले. "आणि कपडे बदलायचं?"

"तुमची खोली वेगळी, त्यांची वेगळी. कडी आहे. मी स्वतः लावून बघितलीय."

"आतून आहे ना?"

"आतून."

"मग असू दे." तरी ती त्याच्या बाकावरून उठली आणि टोपली घेऊन खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. तो तिचा अधिकार होता. जिथे होता तिथे बसून राहणे हा त्याचा. खोलीत तीन बाके होती, हे बरे झाले.

दाराआडून धाकट्या डॉक्टरांनी खूण केली. हाकबाईंनी दार ओढून धरले. त्यांनी नेहमीच्या, ना कमी ना अधिक, अशा आवाजात हाक दिली.

"भाऊ, या."

कोणी हसले नाही. कोणी विशेष पाहिलेही नाही. तो उठला, दारातून आत गेला, आणि हाकबाईंनी दार इतके सावकाश मिटू दिले की त्याच्या पाठीला त्याचा वाराही लागला नाही. मागोमाग बहीण निघाली, तिला त्यांनी हात आडवा केला. "ताई, तुम्ही केवळ सोबत आलेल्या. नियमाने खाली."

बहिणीने पाटीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. आणि इतक्या महिन्यांत प्रथमच हसत ती जिना उतरली.

पुढच्या शनिवारी यजमान गेल्या पावली परत आले. "घड्याळाखालचं दुकान बंद! शटरवर चिठ्ठीसुद्धा नाही. तुला काही ठाऊक आहे का? त्या दिवशी काय काय बोलत होतात तुम्ही दोघं."

"मला काय ठाऊक असणार? मी दार धरणारी बाई."

"दुसरीकडे जाऊन येऊ?"

"चार दिवस वाढली तर काय बिघडतं? रुबाबदार दिसाल."

दाढी वाढू लागली. रोज सायंकाळी हाकबाई घरी येत तेव्हा त्यांची दृष्टी प्रथम त्या पांढऱ्या खुंटांकडे जाई, आणि काही न बोलता त्या चहा ठेवीत. विभागातली शस्त्रक्रियेनंतरची माणसे दुसऱ्या मजल्यावर असत. तिथे जाऊन विचारपूस करणे त्यांना अवघड नव्हते. परंतु ज्याने त्यांना एकच संबोधन दिले होते, त्याच्याविषयी त्याहून अधिक जाणून घेण्याचा आपला अधिकार नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. यजमानांना खाज सुटली. शेजारणीने "साधू होणार का?" असे विचारले. तरी ते दुसरीकडे गेले नाहीत. हलक्या हाताची सवय झालेल्या गालांना दुसरा हात मानवत नाही.

मग एका सायंकाळी यजमानांनी दार उघडले आणि हाकबाई उंबऱ्यातच थांबल्या. गाल गुळगुळीत होते. तुरटीचा वास येत होता.

"उघडलं वाटतं दुकान?"

"उघडलं. जरा वाळलाय बिचारा, खुर्चीच्या पाठीला टेकून काम करतो. पण हात तसाच. तुझ्यासाठी निरोप दिलाय त्याने. काय बरं? हां. म्हणाला, मावशींना सांगा, सगळं निघालं; आता वर्षाने एकदा यायचं, तेव्हा तीच हाक मारा." यजमानांनी डोके खाजविले. "काय निघालं? कुठे यायचं? मला तर काही उमगलं नाही. तुला उमगलं?"

हाकबाईंनी हात पुढे करून यजमानांच्या गालावरून एकदा फिरविला, या कानापासून त्या कानापर्यंत.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "कुठेही राहिलेली नाही."

आणि त्या चहा ठेवावयास आत गेल्या.